एस्तेरची साथ

रविवारी जेवण झाल्यावर हेमांगी शेवडे गॅलरीतल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसते. वर्तमानपत्र हातातून सुटतं, ते तिला कळतं. उचलायचं मात्र राहून जातं. सकाळी तिनं रिबेकाला नाही म्हटलंय, ते मनातून जात नाही.

रिबेका म्हणजे कॉलेजातल्या मैत्रिणीची, एस्तेर उजागरेची मुलगी. एस्तेरला जाऊन अकरा दिवस झाले. गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये स्मरणसभा आहे. "आई गायची ते आयरिश बँडचं गाणं मी म्हणणार आहे. गिटारवर तुम्हीच हव्यात, मावशी," असं पोरगी म्हणाली. हेमांगी म्हणाली, "सुटलंय गं ते सगळं."

शेजारच्या घरातला कुकर फुसफुसतो. फुसफुस लांबत जाते, ॲम्प्लिफायर चालू केल्यावर येते तशी होते. कठड्यावर एस्तेर बसलेली आहे. वय धड विशीतलं नाही, धड पन्नाशीतलं नाही. मांडीवर गिटार घेऊन ती खुंट्या पिळते आहे.

"पाचवी तार उतरलीय," एस्तेर म्हणते.

"तू गेलीस ना?" हेमांगी विचारते. विचारताना भीती वाटत नाही, याचं तिलाच नवल वाटतं.

"हो. सरक जरा."

सरकायला जावं तर खुर्ची कॉलेजच्या सभागृहातली आहे. गॅलरीतली तुळस स्टेजच्या कडेला उभी आहे. समोर रिकाम्या बाकांच्या रांगा. हेमांगीला ही जागा ओळखू येते.

कॉलेजच्या त्या वर्षी दोघी एकाच कॅसेटवर जीव टाकून होत्या. दूरच्या एका गावात बॉम्ब फुटला, त्यात दोन लहान मुलं गेली, आणि आयर्लंडच्या एका बँडमधल्या तरुण गायिकेनं त्यावर गाणं लिहिलं. तिचा आवाज मध्येच चिरकायचा, तो चिरका सूर फक्त एस्तेरलाच साधायचा. मग यांच्याच गावात दंगल झाली. शिवणकाम करणाऱ्या मुमताजबाईंची सात वर्षांची मुलगी डोक्यात दगड लागून गेली. एस्तेर म्हणाली, गॅदरिंगला हेच गाणं म्हणायचं, त्या पोरीसाठी. प्राचार्यांनी दोघींना बोलावून समज दिली. एस्तेर हटली नाही. हेमांगीच्या वडिलांना मात्र निरोप गेला, आणि गॅदरिंगच्या संध्याकाळी ती ताप आल्याचं सांगून घरी झोपून राहिली. एस्तेर एकटीच गायली. त्यानंतर लग्नाच्या पत्रिका गेल्या-आल्या, तेवढंच.

"मला ताप नव्हता," हेमांगी म्हणते.

"ठाऊक आहे. तुझी आई दुसऱ्या दिवशी बाजारात भेटली होती."

"रागावली असशील."

"सहा महिने. मग कंटाळा आला." एस्तेर तार छेडून कान देते. "तू आली नाहीस, त्याचं एवढं नाही गं. कसं झालं, ते कधी विचारलंसुद्धा नाहीस."

बाक आता नाहीत. दोघी एका घराच्या पायरीवर बसल्या आहेत. आत शिवणयंत्र आहे, त्याच्या सुईखाली फ्रॉकची अर्धी बाही. उन्हं स्वच्छ आहेत.

इतकं साधं वाक्य, पण हेमांगीच्या जिभेवर यायला वेळ लागतो.

"कसं झालं, एस्तेर?"

एस्तेर हसते. जणू पाहुणा दारातून आत आला.

"वाईट. सूर खाली धरला गेला. पहिल्या कडव्याला पोरं हसली. तो वरचा सूर आला ना, तेव्हा थांबली. मुमताजबाई दाराशी उभ्या होत्या. कुणी बोलावलं, देव जाणे. इंग्रजी त्यांना अक्षर कळत नव्हतं. संपल्यावर मला म्हणाल्या, 'बेटी, कुणाचं पोर गेलं?'"

"मग?"

"मी सांगितलं, दोन होती, लांबच्या मुलखातली. त्या रडल्या. तोवर त्या रडल्या नव्हत्या म्हणे."

आतलं यंत्र आपोआप दोन टाके घालतं आणि थांबतं.

"मी असायला हवं होतं," हेमांगी म्हणते.

"हो, हवं होतं," एस्तेर म्हणते. तिच्या आवाजात दोष नाही, पण सूटही नाही. ती गिटार हेमांगीच्या मांडीवर ठेवते. "धर. चारच कॉर्ड आहेत. रिबेका घाईनं गाते, तिला आवर."

"मला आठवत नाही."

"बोटांना विचार."

हेमांगी तारा दाबते. पहिल्यांदा खरखर येते. दुसऱ्यांदा स्वर उमटतो. ती चारी कॉर्ड फिरून फिरून वाजवत राहते, आणि शेजारी एस्तेर ओठ मिटून गुणगुणते.

कुकरची शिट्टी होते. गॅलरीत ऊन उतरलेलं आहे, वर्तमानपत्र पायाशी पडलेलं आहे. हेमांगी मांडीवरचा डावा हात उचलते. बोटं हुळहुळतात. तीन बोटांच्या टोकांवर बारीक, सरळ, लालसर खाचा आहेत. घरात गिटार नाही. पंचवीस वर्षांत नव्हती.

ती त्याच हातानं फोन उचलते.

"रिबेका, हेमामावशी बोलतेय. गुरुवारसाठी कुणाची गिटार मिळेल का गं?"

हेमांगी उत्तरासाठी थांबते. फोनच्या गुळगुळीत पाठीवर त्या तीन खाचा तिला अजून जाणवताहेत.