अम्म बयूमीची टगबोट

अम्म बयूमीसारखा, म्हणजे आमच्या बयूमीकाकासारखा, भित्रा माणूस पोर्ट सईदच्या आमच्या अख्ख्या गल्लीत नव्हता. कहवाखान्यात कुणी पावाच्या भावावर बोलायला लागलं, की हा चहा अर्धा टाकून उठायचा. कालव्यात जहाजं ओढणाऱ्या टगबोटींची इंजिनं सांभाळण्यात जन्म गेला, पण हात कायम थरथरते. मी तोंडावर म्हणायचे, "अम्म, तुम्ही सावलीलासुद्धा सलाम ठोकाल." त्याची बायको तफीदा म्हणायची, "ठोकतो की. रोज."

निवृत्तीनंतर त्याने भंगारबाजारातून रिमोटवर चालणारी जुनी टगबोट आणली. हातभर लांब, बॅटरीच्या अ‍ॅसिडने तारा खाल्लेल्या. त्याने रंग खरवडला, पंख्याच्या नळीत ग्रीस भरलं, तारा बदलल्या. एक खोड मात्र जाईना. रिमोट बंद असला तरी सुकाणू मधूनच फडफडायचं.

"जवळपास कुणी वायरलेसवर बोललं, की हिच्यातला रेडिओ पकडतो," तो कुजबुजला. "शेजारच्या सब्रीला पोलिसांनी उचलून नेलं ना, त्या दुपारीही असंच चाललं होतं."

आमच्या शिलाई कारखान्यातल्या बायकांचा संप तोंडावर आला होता. पत्रकं पिशवीत घेऊन मी आमच्या इमारतीचा जिना चढत होते, तेवढ्यात तफीदाने कोशरी खायला आत ओढलं. दोन घास झाले नाहीत तोच टेबलावरचं सुकाणू खडखडलं.

"पोलीस खाली आलेत," बयूमी म्हणाला. तोंड पांढरंफटक. "पिशवी दे."

"तुम्ही नका पडू यात. मी गच्चीवरून जाते."

"गप बैस, मूर्ख पोरी! गच्चीवर आधी माणूस ठेवतात ते."

त्याने टगबोटीचं झाकण उचकटलं, पत्रकं आत कोंबली, झाकण दाबून घट्ट बसवलं. दार वाजलं तेव्हा त्याला आठवलं: आतला रेडिओ चालूच होता, आणि बटण पत्रकांच्या खाली.

साध्या कपड्यातले तिघे. गाद्या उलटल्या, माझी पिशवी झटकली. निघाले कांदे आणि एक कंगवा.

"हे काय, हाजी?" त्यांच्या साहेबाने विचारलं.

"नातवाचं खेळणं, बाशा."

साहेबाने वायरलेस तोंडाशी नेला. माझी नजर सुकाणूवर गेली. बयूमीने फडकं उचललं आणि सुकाणू मुठीत धरून पुसायला लागला. साहेब बोलत होता, फडकं थडथड उडत होतं. बयूमीचे खांदे, हनुवटी, दाढीसुद्धा थरथरत होती. सुकाणू कुठलं नि माणूस कुठला, कळायची सोय नव्हती.

साहेब हसला. "एवढं काय घाबरता? आम्ही खातो का?"

"सवय आहे, बाशा."

ते उतरून गेले. बयूमीने मूठ सोडली नाही.

"सोडा आता अम्म, गेले."

"कुठले गेलेत? खालच्या दारातच बोलतायत अजून, सुकाणू हलतंय. तू बाहेर पडलीस की धरतील."

"मग पत्रकं?"

तो उठला, टगबोट काखेत मारली आणि जिना उतरला. तफीदाने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. खिडकीच्या फटीतून मी पाहिलं. त्यांच्या गाडीपाशी थांबून त्याने सलाम ठोकला, आणि सुकाणू मुठीत धरून, लटलट कापत, कारखान्याच्या वाटेला लागला.