मोरपंखी बांगड्या आणि बळे-अक्काचे प्रश्न

इकडे कानडी मुलखात, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत मी नोकरी करते. काम काय, तर गिऱ्हाइकाला आमच्याशी व्यवहार करताना कसं वाटलं ते मोजायचं. पाच तारे, चार तारे, हसरा चेहरा, रडका चेहरा. इतकी वर्षं हे केल्यावर मी स्वतःला या विषयातली जाणकार समजते. तर या जाणकार बाईनं आपल्याच आईपुढे काय घोळ घातला, ते सांगते.

लेकीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाआधी घरातल्या सगळ्या बायका एकत्र बसून बांगड्या भरतात. लेक म्हणाली, "आजीनं भरल्या तरच मी भरणार." आजी, म्हणजे माझी आई, म्हणाली, "मला कशाला? मी पोळ्यांचं बघते."

हे "मला कशाला" आमच्या चांगल्या ओळखीचं. बाबा गेले तेव्हा आईनं काचेच्या बांगड्या उतरवल्या, आणि त्यानंतर कुठंही बायका बांगड्या भरायला बसल्या की हिला स्वयंपाकघरातलं काहीतरी तातडीचं काम आठवायचं.

ते एकदाच मोडलं होतं, के. आर. पुरमच्या बाजारातल्या बळे-अक्काकडे. कानडीत बळे म्हणजे बांगडी, म्हणून बळे-अक्का. दुकान कसलं, एक फळी, एक आरसा आणि दोन स्टुलं. ती हात हातात घ्यायची, "कै सडिल बिडी" म्हणायची, हात सैल सोडा, आणि अंगठा तळहातात दुमडून बोटांची मुळं हळूहळू चेपत राहायची. बांगडी सांध्यापाशी अडली की नेमका तेव्हा एक प्रश्न टाकायची. "सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो?" आपण उत्तराला तोंड उघडेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. मला वाटायचं, काय भोचक बाई आहे!

बाबा गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी आईला नुसती सोबत म्हणून तिथं नेलं. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर, दोन्ही हात पदराखाली. माझं झाल्यावर अक्कानं तिच्यापुढे हात केला.

"नको अक्का, माझं आता काय..."

"बांगडी राहू दे. हात तर द्या. किती दिवस झाले, बघितला नाही."

आईनं हात दिला. अक्का तो चोळत बसली. मग म्हणाली, "यजमानांना कॉफी कशी लागायची?" आई सांगायला लागली. डिकॉक्शन किती, दूध किती, बशीत ओतून भुरके मारायचे त्यावरून भांडणं कशी व्हायची. सांगून झालं तेव्हा दोन्ही हातांत चार-चार बांगड्या होत्या. मोरपंखी. हिरव्या घातल्या असत्या तर आईला अवघड झालं असतं, हे अक्काला कुणी सांगावं लागलं नाही. आईनं हात वर करून बघितले आणि रीतीप्रमाणे वाकून अक्काला नमस्कार केला. बांगड्या भरणारीला नमस्कार करायचाच, मग ती वयानं लहान का असेना.

त्या आठ बांगड्या आईनं जपल्या. एकेक करत गेल्या. शेवटची गेल्या वर्षी नळावर आपटून फुटली.

आता लग्नाच्या वेळी मी काय केलं? मोबाइल काढला. तोच मोरपंखी रंग, तीच काच, माप दोन-सहा. दुपारी डबा दारात. आत कापूस, फीत, माझं नाव छापलेलं आभाराचं कार्ड. मी बांगडी हातात घेण्याआधीच पाच तारे देऊन टाकले.

"छान आहेत," आई म्हणाली. "लेकीला घाल."

मी साबण लावून जोर केला. आईचा हात लाकडासारखा ताठ. दोन फुटल्या, एक ओरखडा उठला.

"सोड गं. माप लहान आलंय."

माप बरोबर होतं. मी पॅकेटवर दोनदा बघितलं.

शनिवारी के. आर. पुरम गाठलं. फळीच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. आतल्या माणसानं वर न बघता हिंदीत विचारलं, कुठलं मॉडेल? शेजारची फुलवाली म्हणाली, "अक्का? डोळ्यांनी दिसेना, लेकीकडे गेली, कोलारच्या बाजूला. पत्ता काय ठाऊक नाही." मी उगाच तिथं उभी राहिले. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी त्यानंतर कुणी केल्याचं आठवेना. मी तर केलीच नव्हती. शेवटी दोन मोळं मल्लिगे, म्हणजे दोन हात मोगऱ्याची माळ, घेऊन घरी आले.

संध्याकाळी आईसमोर जमिनीवर बसले, खोबरेल तेल घेऊन. हात हातात घेतला. रस्ता ओलांडण्यापलीकडे तो कधी धरला होता, आठवेना.

"कै सडिल बिडी," मी म्हटलं.

"अगं, काय तो उच्चार!"

बांगडी सांध्यापाशी आली आणि अडली. आता प्रश्न हवा. प्रश्न काढणं हा तर माझा धंदा! पण डोकं कोरं. तोंडातून निघालं ते एवढंच, "आई, आमच्या सेवेबद्दल तुमचा अनुभव कसा आहे?"

आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसली, अशी हसली, की खांदे हलायला लागले. हात सुटला. बांगडी आत.

दुसरीही गेली. तिसरी फुटली.

"पुरे," आई डोळे पुसत म्हणाली. "बुधवारी बांगड्यांच्या ओळीत बसते मी. पोळ्या बाहेरून मागव."

मग सवयीनं ती नमस्काराला वाकली, समोर मी दिसले आणि थांबली. "तुला कशाला करू? दोन भरल्यास आणि तीन फोडल्यास!" तिनं जराशी मान वळवली आणि खिडकीकडे, के. आर. पुरमच्या बाजूला, हात जोडले. दोन बांगड्या किणकिणल्या.

"तिचं नाव काय गं होतं?" तिनं विचारलं.

अक्काला आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं पाठ होती. मी तिचं कधी विचारलंच नव्हतं.