दिरासमोर विचारलेला प्रश्न

"राखीव जागेवरनं आलेल्यांच्या हातात पेन दिलं, की यांना डॉक्टर झाल्यासारखं वाटतं."

मुडबी गावातल्या एका घरात, पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्चीत बसून डॉक्टरसाहेब हे माझ्याबद्दल बोलले. मी खाली सतरंजीवर होते. घरातले हसले. मीही हसले. ते हसू मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसांवर एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. साहेब मोठ्या शहरातले, इकडची बोली त्यांना समजत नव्हती. मी हुमनाबादची, मराठी-कानडी दोन्ही बोलणारी, म्हणून प्रश्न विचारायला मला ठेवलेलं. जीव द्यावासा वाटतो का, हा शेवटचा प्रश्न. 'हो' म्हणालं कोणी, तर त्याला अभ्यासातून काढून त्याच दिवशी उपचाराला न्यायचं, असा नियम. आणि साहेबांना अभ्यासाला माणसं कमी पडत होती.

त्या घरची धाकटी सून आजारी होती. बसायच्या आधी मी पाय धुवायला मागच्या अंगाला गेले, तर ती धुण्याच्या दगडापाशी बसलेली. हळूच म्हणाली, "अक्का, आवाज रोज बोलवायलाय मला. पोरीचं दप्तर बहिणीकडं पाठिवलं म्या. तिकडंच शिकंल आता."

मला सगळं कळलं. कळलं नव्हतं म्हणायला मला तोंड नाही.

आम्ही दोघी आत आलो. तिच्यासमोर मोठे दीर येऊन बसले. आमच्याकडे मोठ्या दिरासमोर सून तोंड उघडत नाही, पदर आणखी खाली ओढते. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं. मी म्हटलं, "सर, हा प्रश्न तिला एकटीला विचारू."

दीर म्हणाले, "कामून? आमच्या घरात लपवायचं काय हाय?"

आणि साहेबांनी ते राखीव जागेचं वाक्य टाकलं.

मी शेपूट घातली. सगळ्यांदेखत विचारलं, "जीव द्यावा वाटायलाय का गं?"

पदराआडून आलं, "न्हाई."

मी 'नाही'वर खूण केली. खाली सही केली. दगडापाशी ऐकलेलं कुठेच लिहिलं नाही. माझ्या आईनं जन्मभर लोकांच्या दाराबाहेर उभं राहून पाणी मागितलं. मला हे काम लागलं तेव्हा तिनं गल्लीत साखर वाटली होती. ते काम जाईल म्हणून मी दुसऱ्या एका आईचा जीव पणाला लावला.

पाचव्या दिवशी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजारणीचं वेळेवर लक्ष गेलं म्हणून वाचली.

मी दवाखान्यात गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अक्का, तुला तर सांगितलं व्हतं म्या."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

साहेबांना मी दगडापाशी काय ऐकलं ते सांगितलं. ते फॉर्म पुढे सरकवून म्हणाले, "इथं 'नाही' आहे. सही तुझी आहे. जास्त बोललीस तर तुझ्यावरच शेकेल."

खरंच होतं ते. शेकायलाच हवं होतं. तिथंच कोरा कागद मागून घेतला आणि लिहायला बसले. तिचे शब्द जसेच्या तसे. साहेबांचे शब्द जसेच्या तसे. आणि ऐकूनही मी गप्प राहिले, ते सगळ्यात वर. अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीकडे तो कागद मी स्वतः नेऊन दिला. चौकशी चालू आहे. काम जायचं तेव्हा जाईल.

परवा याच कामासाठी मन्नाएखेळ्ळी गावाला गेले होते. आजारी मुलगी भिंतीला टेकलेली, बाप बाजेवर.

"अप्पा, तुमी जरा बाहेर बसा."

"कामून? बाप हाय मी तिचा."

"तुमी बसलाव तर ती 'न्हाई'च म्हणंल. तसलं 'न्हाई' मी आता लिव्हत नसते."

तो उठेना. मी पेनाला टोपण लावलं, फॉर्म मांडीवर पालथा ठेवला आणि तो उठेपर्यंत जागची हलले नाही.