आमच्या पुस्तकात नसलेली सातवी गोष्ट

सुरुवातीलाच सांगते, मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता म्हणाल, मग भुतांचं कॉमिक कशाला काढलं? तर ते हौसेपोटी. गोष्टी मी लिहिल्या, चित्रं माझ्या धाकट्या भावानं, विलासनं काढली. तो धुळ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि मी लग्नानंतर जळगावात. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. पुस्तकाचं नाव ‘अवसेचे पाहुणे’. आतमध्ये काळ्या-पांढऱ्या सहा चित्रकथा. प्रकाशक वगैरे कुणी नाही... पानं छापून आणली आणि माझ्या घरी जमिनीवर बसून दोघांनी घड्या घालून पिना मारल्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण त्या पुस्तकातलं पान अन् पान माझ्या हाताखालून गेलं होतं.

जळगाव, धुळे, चाळीसगावच्या एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर आणि काही वाचनालयांत प्रती ठेवल्या. मग आम्ही वाट बघू लागलो – लोक काय म्हणतात!

पहिला अभिप्राय आमच्या स्टाफरूममधूनच आला. भूगोलाच्या देशपांडे बाई म्हणाल्या, “बाकी ठीक आहे गं, पण ती शेवटची मोटरवाली गोष्ट फार अंगावर येते.”

“कुठली मोटरवाली?”

“अगं, तो विहिरीवरचा माणूस... पाठमोरा उभा असतो तो.”

आमची शेवटची गोष्ट सोनगीरच्या किल्ल्यावरची होती, बैलगाडीची. विहीर नाही, मोटर नाही. मला वाटलं, बाईंनी दुसरंच काही वाचलं असणार. मी हसून सोडून दिलं.

पुढे चाळीसगावला गेले होते, तेव्हा तिथल्या वाचनालयात एक रिटायर्ड पोस्टमास्तर भेटले. त्यांची चक्क तक्रार होती. “मॅडम, तुमच्या सातव्या गोष्टीला शेवटच नाही. भूत काही करत नाही. नुसतं म्हणतं, मोटर बंद कर बाई. बोलण्याच्या फुग्यात तेवढंच. पुढे काय?”

मी म्हटलं, “काका, गोष्टी सहाच आहेत.”

ते वाचनालयाची प्रत घेऊन आले. पानं उलटली, परत उलटली, आणि एकदम चिडले. “कोणीतरी पान फाडलंय!” पण पिना जागच्या जागी होत्या, पानं सगळी होती. मी त्यांना मोजून दाखवली. ते चष्मा पुसत राहिले आणि मला उगाच अपराधी वाटलं.

देशपांडे बाई आणि हे काका एकमेकांना ओळखत नव्हते. तरी मी मनाशी म्हटलं, योगायोग. दुसरं काय म्हणणार?

दिवाळीच्या सुट्टीत विलास माझ्याकडे आला होता. एका सकाळी दारात एक जोडपं उभं. चोपड्याकडचे केळीचे शेतकरी, प्रल्हादभाऊ आणि त्यांची बायको सुमनताई. सोबत केळीची मोठी फणी. स्टॉलवाल्याकडून पत्ता काढत आले होते. आत आल्या आल्या सुमनताई माझ्या पायाच पडायला लागल्या. मी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. म्हटलं, अहो, झालं काय?

“ताई, तुमनी गोष्टनी मना देरले वाचाडं,” त्या म्हणाल्या. देर म्हणजे दीर, वाचाडं म्हणजे वाचवलं.

मग प्रल्हादभाऊंनी नीट सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ विहिरीत उतरला होता, पाइपाचं काहीतरी बघायला. मोटर चालू होती. सुमनताई बागेत पाणी भरत होत्या. विहीर तिथून दिसत नाही, केळी आडव्या येतात. आदल्या दिवशीच त्यांनी आमचं पुस्तक वाचलं होतं. पाण्याच्या दांडाशी उभ्या असताना एकाएकी त्यांना ती गोष्ट आठवली. तो माणूस, तो फुगा, ‘मोटर बंद कर बाई’. काही कारण नसताना त्या मोटरच्या खोलीकडे पळाल्या आणि स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मोटर थांबली. आणि विहिरीतून आरडाओरडा ऐकू आला.

“पाइपात करंट उतरला होता ताई,” प्रल्हादभाऊ म्हणाले. “भाऊ चिकटला होता. मोटर बंद झाली तसा सुटून पाण्यात पडला. थोडा उशीर झाला असता तर...”

मी म्हटलं, “पण ही गोष्ट आमची नाही हो.”

सुमनताईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. पानं उलटू लागल्या. बैलगाडीच्या गोष्टीपुढे गेल्या, तर मलपृष्ठ आलं. परत पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. “मी कसाले खोटं सांगू? आठेच होतं...” त्या मलपृष्ठावर बोट ठेवून म्हणाल्या.

“मीपण वाचली ताई,” प्रल्हादभाऊ हळूच म्हणाले. “दोघांनी वाचली.”

मी विचारलं, तो माणूस दिसायला कसा होता?

सुमनताईंना सगळं आठवत होतं. धोतर, अर्ध्या बाह्यांची बंडी. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. आणि उपरणं खांद्यावर नाही तर डाव्या मनगटाला गुंडाळलेलं, पट्टी बांधल्यासारखं.

विलास चहा घेऊन आला होता. त्यानं ट्रे तसाच खाली ठेवला.

आमचे वडील, आबा, सोनगीरजवळच्या आमच्या मळ्यात विहिरीवर करंट लागून गेले. मोटर बंद करायला त्या वेळी तिथे कुणीच नव्हतं. मी शाळेत जात होते, विलास पाळण्यात होता. आबांचा डावा हात कधीतरी मोडलेला, तो दुखायचा म्हणून ते उपरणं मनगटाला घट्ट गुंडाळून ठेवायचे. मला ते आठवतं. पण विलासनं गुपचूप काढलं म्हणावं, तर त्याला कसं ठाऊक असणार? घरात आबांचा एकच फोटो आहे, स्टुडिओतला, कोट घातलेला. त्यात हात दिसतसुद्धा नाहीत. आणि आबा मला ‘बाई’ म्हणायचे... पण तसं तर खानदेशात कुणीही लेकीला म्हणतं.

विलास सुमनताईंसमोर खाली बसला. म्हणाला, “चेहरा कसा होता त्यांचा?”

त्या गोंधळून म्हणाल्या, “चेहरा दिसत नही ना भाऊ. तुम्हीच तर पाठमोरा काढेल शे.”

पाहुणे गेल्यावर विलास म्हणाला, “मायले सांगणं पडी.” मी नको म्हणत होते. म्हातारीला कशाला त्रास! पण त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो.

माय ओट्यावर शेंगा निवडत होती. विलासनं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हात चालूच. मला वाटलं रडेल. तर ती रागावली!

“तुम्हना पुस्तकमा उनात त्या,” ती म्हणाली, “आनि आठे घर नही उनात?”

तिचा राग आबांवर होता, पुस्तकात आले आणि स्वतःच्या घरी नाही आले म्हणून.

मग तिनं हात पुसले आणि पुस्तक मागितलं. मायला वाचता येत नव्हतं. तिनं ते मांडीवर घेतलं आणि एकेक चित्र बघत पानं उलटू लागली, सावकाश, कुठेही न थांबता. बैलगाडीची गोष्ट संपली. तिनं आणखी एक पान उलटलं आणि तिथे मात्र थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं डोक्यावरून घसरलेला पदर हळूच पुढे ओढून घेतला, बायका नवऱ्यासमोर घेतात तसा.

मी वाकून बघितलं. मलपृष्ठाची आतली बाजू होती ती... कोरी.

“काय दिसलं माय?” विलासनं विचारलं. तिनं पुस्तक मिटून कमरेशी खोचलं आणि उठून आत गेली. पुढे ती अनेक वर्षं जगली, पण त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

एखाद्या वाचकाला भास झाला असेल, हे मी समजू शकते. सगळ्यांना एकच भास का व्हावा, तिथे मात्र माझं डोकं चालत नाही. आणि मायचं तर... खरं सांगू? ते समजून घ्यायला मी निघते, अर्ध्या वाटेवर थांबते आणि परत येते.