नाल्याकाठचा तिबोटी

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही गोरेगावला, आरे कॉलनीच्या अगदी तोंडाशी राहायचो. हे अंधेरीच्या एका कंपनीत कारकून होते. हे ऑफिसला आणि मुलगी शाळेत गेली की मी कॉलनीतली बस पकडायचे आणि तबेल्यांच्या पुढे उतरून रानातल्या वाटेनं चालायचे. शेजारणींना वाटायचं, दूध आणायला जाते. मी पक्षी बघायला जायचे. दुर्बीण नव्हती. वहीत चित्र काढायचं, शेजारी रंग लिहायचे आणि वाचनालयातल्या एकुलत्या एका इंग्रजी पुस्तकाशी ताडून बघायचं.

त्या श्रावणात पाड्यावरची एक वारली बाई नाल्याकाठी गवत कापत होती. मी चित्रं काढते हे तिनं आधीही पाहिलेलं. "बाई, ह्याचं काढ," म्हणाली आणि मला दरडीसमोर बसवलं. दरडीत एक बीळ होतं. अर्ध्या तासानं चिमणीएवढा पक्षी झपकन येऊन बिळाजवळच्या मुळीवर बसला. चोच लाल, पाय लाल, पोट पिवळंजर्द, डोक्यावर जांभळी झाक. चोचीत पालीचं पिल्लू. तो आत शिरला, बाहेर पडला, मग दुसरा आला.

"पिल्लं हायेत आत," ती कुजबुजली.

तिबोटी खंड्या! कोकणातल्या दाट रानात असतो म्हणून वाचलेला, आणि इथे माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. घरी पोचेपर्यंत मी एकटीच हसत होते.

ह्यांचे साहेब पक्ष्यांतले जाणकार, वर्तमानपत्रातून लिहायचे. ह्यांनी कौतुकानं माझी वही त्यांना दाखवली. रविवारी साहेब चक्क घरी आले.

"वहिनी, हा साधा खंड्या. नाल्यानाल्यावर असतो. बायकांना रंग जरा जास्तच दिसतात." ते हसले. हेही हसले.

"साध्या खंड्याचं पोट असं पिवळं नसतं," मी म्हटलं.

"मग चला, दाखवा."

तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण मला खरं ठरायचं होतं. मी त्या दोघांना घेऊन गेले. साहेबांच्या खांद्याला लांबट कॅनव्हासची पिशवी होती. दुर्बिणीचं काहीतरी सामान असेल, असं मला वाटलं.

पक्षी मुळीवर येऊन बसला. "पोट बघा," मी पुटपुटले. साहेबांनी पिशवीतून छर्‍यांची बंदूक काढली.

"साहेब, आत पिल्लं—"

"हातात घेतल्याशिवाय खात्री कशी पटणार, वहिनी?"

ह्यांनी माझं मनगट धरलं. धरलं कसलं, दाबलं. आवाज फार मोठा झालाच नाही.

साहेबांनी पाण्याच्या कडेला पडलेला पक्षी उचलला, अंगठ्यानं पाय फाकवून बोटं मोजली. "तीन. तुमचंच बरोबर होतं." मग तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

घरी आल्यावर हे म्हणाले, "ओरडायला निघाली होतीस. माझी बढती साहेबांच्याच हातात आहे, कळतं ना तुला?"

मला कळत होतं. म्हणूनच तर मी ओरडले नव्हते.

पुढचे तीन दिवस मी रोज गेले. दुसरा पक्षी एकटाच ये-जा करत होता, पण रोज फेऱ्या कमी होत गेल्या. चौथ्या दिवशी कुणीच आलं नाही. बिळाच्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागली होती. वारली बाई विळा घेऊन उभी होती.

"बंदूकवाला तुझ्यासंगं होता ना?"

"हो."

तिनं भारा डोक्यावर घेतला आणि निघून गेली. त्यानंतर ती वाटेत भेटली तरी माझ्याकडे बघायची नाही. मीही मग त्या बाजूला जाणं सोडलं.

दिवाळीनंतर ह्यांना बढती मिळाली आणि साहेबांनी आम्हाला जेवायला बोलावलं. जेवणाआधी त्यांनी एका कपाटाचा खण ओढून दाखवला. कापसावर तो उताणा पडला होता, डोळ्यांच्या जागी कापूस. पायाला चिठ्ठी बांधलेली. तिच्यावर पक्ष्याचं नाव, ठिकाण आणि शोधणारा म्हणून साहेबांचं नाव.

"ओळखलंत, वहिनी?"

"हो," मी म्हणाले. "छान ठेवलाय."

पानं वाढून तयार होती. मी पोटभर जेवले. साहेबांच्या बायकोनं आग्रह केला तेव्हा श्रीखंडही दुसऱ्यांदा घेतलं.