भोंगेकाका आणि चादरींचा सेल

भोंगेकाका साधं "चहा झाला का?" विचारायचे, तेव्हाही वाटायचं की चहाचा सेल लागलाय. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर पालथं घालायचं आणि जाहिराती करायच्या, हा त्यांचा धंदा. चादरींचा सेल असो, दवाखान्याचं उद्घाटन असो, नाहीतर निवडणूक, माइकसमोर काकाच. अंबरनाथ पूर्वेला आमच्या समोरच्या दारात ते आणि काकू राहायचे. त्यांचं खरं आडनाव बिल्डिंगमध्ये फक्त पोस्टमनला माहीत असावं.

तालीम स्वयंपाकघरात व्हायची, काकूंच्या पाठीमागे उभं राहून. मी मुद्दाम ऐकायला जायचे. "तीनच गोष्टी सांगायच्या," काका म्हणायचे. "स्वस्त, मस्त, टिकाऊ. चौथी सांगितलीस की माणूस पुढे गेला. आणि प्रश्न असा टाकायचा की समोरच्याची मान आपोआप हलली पाहिजे. महागाई वाढली की नाही? आता नाही कोण म्हणेल?" 'आपला' या शब्दावर तर त्यांचा भारी जीव. चादरींचं दुकान उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या सिंधी शेठचं, पण काकांच्या तोंडी ते सगळ्यांचं होऊन जायचं. तिथल्या सेलचे 'शेवटचे दोन दिवस' वर्षभर चालायचे.

दुसऱ्या कुणी मात्र हे त्यांच्यावर चालवायचं नाही. एकदा वांगणीकडचे प्लॉट विकणारा एक टायवाला आमच्याकडे आला. 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे ऐकून बाबांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा. काका कोपऱ्यात चहा पीत होते. "आता म्हणेल, दोनच उरलेत," ते माझ्या कानाशी पुटपुटले.

"सर, दोनच प्लॉट उरलेत," तो म्हणाला.

"कुशीत पाणी येतं का हो?" काकांनी विचारलं. बाबांनी टोपण लावलं.

असा हा माणूस घरात हरला. काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन करायलाच हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि काकू नाही म्हणून बसल्या. काकांनी होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं. "नातीचं लग्न बघायचंय की नाही? आपल्या घराचा विचार कर. आज ऑपरेशन, उद्या घरी, परवा नेहमीसारखी!"

काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अहो, चादरींचं बोलणं माझ्याशी नको. मला सगळं पाठ आहे." होणारच. सगळी तालीम त्यांच्या पाठीमागेच तर झाली होती.

मग काका गप्प झाले. रिक्षाही उभी राहिली. मला त्या शांततेची धास्तीच वाटायला लागली. एका दुपारी मी काकूंबरोबर वाल सोलत होते. काका येऊन खाली बसले, दोन-चार वाल सोलले आणि हळूच म्हणाले, "मला भीती वाटते गं."

काकूंनी हात पुसले. "कधी यायला सांगितलंय डॉक्टरांनी?"

ऑपरेशन नीट झालं. काकूंपाशी थांबायचं म्हणून काकांनी फिरती सोडली. रेकॉर्डिंगचा त्यांना तिटकारा. समोरचं तोंड दिसल्याशिवाय बोलायचं कसं, म्हणायचे. पण शेठ हटेना. "साईं, एक बार बोल के दे दो, फिर आराम से बैठो भाभी के पास." काकांनी एकदाच काय ते बोलून दिलं.

गेल्या वर्षी काकाच गेले, झोपेत. मला त्यांची फार आठवण येते. फोनवर कुणी "मॅडम, फक्त आजच" म्हणालं की आजही मला हसू येतं.

परवा काकूंना घेऊन कॅम्प दोनला पडद्याचं कापड बघायला गेले होते. शेठच्या दुकानाबाहेर भोंगा लागला होता. "आपल्या माणसांसाठी, आपल्या दुकानात! स्वस्त, मस्त, टिकाऊ! शेवटचे दोन दिवस!"

काकू रस्त्यातच थांबल्या. मी त्यांचा हात धरला. आवाज संपून पुन्हा सुरू झाला, तोही त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. त्या सेलमधून काकूंनी आयुष्यात कधी साधा रुमालही घेतला नव्हता. त्या माझा हात सोडवून आत गेल्या आणि शेठला म्हणाल्या, "एक चादर द्या. कुठलीही चालेल."