गोटुलात मी म्हटलेलं ‘नाही’

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ताईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. कधी कधी अगदी सांगायच्या बेतात येते — आणि मग एमबीएच्या रँकिंगबद्दल बोलायला लागते. त्या विषयावर मला बोलता येतं. एरवी चार माणसांत माझा आवाज निघत नाही. पण कुठलं कॉलेज कितवं, मागच्या वर्षी कितवं होतं आणि का घसरलं, हे विचारा — मी थांबत नाही.

आजही सुरुवात तिथूनच करते आहे. दुसरी वाट मला माहीत नाही.

कोरपन्याजवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत मी वाढले. बाबा कारखान्यात इलेक्ट्रिशियन. आजोबा लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायचे, आणि मी कॉलनीच्या इंग्रजी शाळेत टाय लावून जायची. एवढं अंतर आमच्या घराने कापलं होतं, आणि ते कापलं होतं परीक्षांच्या जोरावर. त्यामुळे आमच्याकडे नंबर हा शब्द हलका नाही. निकालाच्या दिवशी कॉलनीतल्या काकू दारातूनच विचारायच्या, “कितवा आला गं?” मार्क कुणी विचारत नसे. मग कॉलेजांनाही नंबर असतात हे कळल्यावर मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. उलट बरं वाटलं. जगही आमच्या कॉलनीसारखंच आहे म्हणायचं.

चंद्रपूरला बी.कॉम. करताना जैनी भेटली. ती धानोऱ्याच्याही पुढच्या, जंगलातल्या एका गावाची. घरी गोंडी बोलणारी, आश्रमशाळेत शिकलेली, मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहणारी. आम्ही दोघींनी मिळून एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास केला. मी तिला इंग्रजी उतारे समजावायची, ती मला गणितं. ती गणित सोडवताना आधी खिडकीबाहेर बघायची आणि मग एकदम उत्तर लिहायची. मी विचारलं, मधल्या पायऱ्या कुठे आहेत? तर म्हणाली, “केल्या ना. तुले दिसल्या नाई.”

जैनीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक पुण्यातलं मोठं कॉलेज — यादीत नाव असलेलं, काचेच्या इमारतीचं. तिथे मलाही मिळाला होता. दुसरी दूरच्या राज्यातली एक लहानशी संस्था. तिथे जंगलातला माल, गावांच्या सहकारी संस्था, बाजार — याचंच व्यवस्थापन शिकवतात. विद्यार्थी वर्षातले कितीतरी दिवस गावांतच राहतात. मी बघायचे त्या कुठल्याच यादीत तिचं नाव नव्हतं.

जैनीला कुठे जायचं होतं? ते तिच्या तोंडावर दिसायचं. तिच्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळालेला होता. तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, आणि बांबू ग्रामसभा स्वतः विकायची. व्यापारी एकत्र येऊन भाव पाडायचे, आणि लांबचं, बरं गिऱ्हाईक शोधणारं गावात कुणी नव्हतं. पण ती म्हणाली, गावाने ठरवलं तरच जाईन. आणि मला म्हणाली, “तू चाल माह्यासंगं. मी सांगितलं तर माह्यंच मन सांगन. तू दोन्ही बाजू सांग. तुले समजते ते रँकिंग.”

म्हणजे तिने मला निःपक्ष म्हणून नेलं. हे लक्षात असू द्या. मला तर ते विसरता येत नाही.

गडचिरोलीपर्यंत एस.टी., पुढे दुसरी एस.टी., आणि मग तिच्या भावाच्या मोटरसायकलवर तिघं. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. सकाळी सगळं गाव जंगलात, दुपारी पानांचे पुडे बांधून फडीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी, आणि ते आटोपल्यावर गोटुलात सभा. गोटुल म्हणजे गावाची जागा — लाकडी खांब, कौलं, भिंती नाहीत. सगळे जमिनीवर गोल बसले. बायका पुढे होत्या, मागे नव्हत्या. मी खांबाला टेकून बाहेरच्या बाजूला बसले, तर सभेचे अध्यक्ष चैतूभाऊ मला हात करून म्हणाले, “तिथी काऊन बसली बाई? आत ये. गोलात बसला तो गावाचा. उठला का मंग पाहुणा.”

बोलणं गोंडीत चाललं. जैनी माझ्या कानाशी मराठीत सांगत होती, आणि माझं मराठी त्यांना गोंडीत. मी रँकिंग समजावलं. कसे गुण देतात, पगार बघतात, शिक्षकांची संख्या बघतात, लोकांचं मत घेतात. कुमलीबाई नावाची एक म्हातारी होती, पानं बांधून तिची बोटं काळी पडलेली. तिने जैनीला थांबवलं आणि मोडक्या मराठीत थेट मलाच विचारलं, “हे नंबर देनारे तिथी जाऊन पायते का?”

मी म्हणाले, काही जातात. बरीचशी माहिती कॉलेजच पाठवतं.

“म्हंजे बैलाच्या बाजारासारखं,” ती म्हणाली. “मालकच शिंगं रंगवून आनते.”

सगळे हसले. मीही हसले. चैतूभाऊ म्हणाले, “तुह्या बैलाची तं शिंगंच नोती, मावशे, तरी इकला तू.” पुन्हा हसू. मला एवढं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मग एकेकाचं मत. इथे मला जरा थांबायला हवं, कारण पुढचं मी आयुष्यात परत कुठे पाहिलेलं नाही. प्रत्येकाने बोलायचं होतं. हात वर करणं नाही, मोजणं नाही. चार शब्द का होईना, आपल्या तोंडाने. तान्हं बाळ पाजणारी सून बोलली. जैनीची आई बोलायला लागली, रडली, थांबली — आणि सगळं गाव ती पुन्हा बोलेपर्यंत गप्प बसून राहिलं. घाई नाही. कुणी सुचवलं नाही की चला, कळलं. वर कौलांच्या फटीतून उन्हाचे कवडसे सरकत होते, बाहेर जंगल एकदम स्तब्ध, आणि मला वाटलं, मी कुठल्या तरी फार मोठ्या गोष्टीच्या आत बसले आहे. पुढे मी काचेच्या खोल्यांमध्ये ‘कन्सेन्सस’वर लेक्चरं ऐकली. ज्यांनी ती दिली त्यांनी हे पाहिलेलं नव्हतं.

“इंगो,” एकेक जण म्हणत गेलं. इंगो म्हणजे हो. त्या लहान संस्थेला हो. पोरीने तिकडे शिकावं आणि परत यावं.

गोल फिरत माझ्यापर्यंत आला. मला वाटलं, मला सोडून पुढे जातील. गेले नाहीत. सगळे माझ्याकडे बघून थांबले — जैनीच्या आईसाठी थांबले होते तसेच.

आणि मी म्हणाले, “नाही.”

मी म्हणाले, त्या संस्थेला नाव नाही. तिथून शिकलेल्या मुलीला उद्या कोण विचारणार? पुण्याचं कॉलेज यादीत आहे. मी असते तर त्या संस्थेत गेले नसते. माझं ‘नाही’ मराठीत होतं. ते गोंडीत जैनीलाच सांगावं लागलं. तिने सांगितलं. एक शब्द कमी केला नाही, तिच्या चेहऱ्यावरूनच ते कळत होतं.

कुणी चिडलं नाही. मला वाटलं होतं, एवढ्या सगळ्या ‘हो’पुढे एका पोरीचं ‘नाही’ बुडून जाईल. माझ्या शाळेत, माझ्या कॉलनीत बुडालंच असतं. पण तिथे एक ‘नाही’ असेल तर निर्णय होत नाही. चैतूभाऊ म्हणाले, बाई शिकलेली आहे, तिने काहीतरी पाहिलं असेल, सकाळी पुन्हा बसू. सकाळी पुन्हा बसले. जंगलात जायच्या आधी, पानं तोडायची वेळ मोडून, सगळं गाव. चैतूभाऊंनी मला विचारलं, “अजूनबी नाईच का, बाई?”

दार उघडं होतं. माझ्यासाठी, पुन्हा एकदा, सगळ्या गावाने ते धरून ठेवलं होतं.

“नाहीच,” मी म्हणाले.

मग त्यांनी पुण्याबद्दल विचारलं, आणि पुन्हा एकेक करून, हळूहळू, सगळे पुण्याला इंगो म्हणाले. जैनीने शेवटी म्हटलं.

आता जे आजवर टाळत आले ते. त्या लहान संस्थेत मीसुद्धा अर्ज केला होता. जैनीला न सांगता. मुलाखतीला गेले होते, घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून. समोरच्या बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं — तुमच्या भागात तेंदूपत्ता कोण विकतं? मी म्हणाले, फॉरेस्ट डिपार्टमेंट. त्या म्हणाल्या, सगळीकडे? मी गप्प. त्यांनी मला घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी जैनीला घेतलं.

मला रँकिंगवर विश्वास होता का? होता. खोटं बोलले का? संस्था यादीत नव्हती, हे खरंच होतं. पण त्या दुपारी मी ‘नाही’ म्हटलं ते यादीमुळे नव्हतं. ज्या दारातून मी आत गेले नाही त्या दारातून ती जाणार, हे मला बघवत नव्हतं. ती संस्था फालतू ठरायला हवी होती. माझ्यासाठी. ‘मी असते तर त्या संस्थेत गेले नसते’ — हे वाक्य मी, तिथून नाकारली गेलेली मुलगी, सगळ्या गावासमोर बोलले. ते तरी साफ खोटं होतं. आणि ते मी जैनीच्या तोंडून वदवून घेतलं.

आम्ही पुण्याला गेलो. एकाच खोलीत राहिलो. ती माझ्यापेक्षा हुशार निघाली. आम्ही तिथे असतानाच कॉलेज यादीत खाली आलं. वर्गात दोन दिवस चर्चा झाली, मग लोक विसरले. नोकरी लागल्यावर तर कुणी नंबर विचारलाच नाही. जैनी रायपूरला एका बिस्किटाच्या कंपनीत आहे. दुकानांपर्यंत माल पोचवायचं बघते. चांगलं काम आहे. तिचं गाव अजून बांबू विकतं, आणि व्यापारी अजून एकत्र येऊन भाव पाडतात. लिलावाच्या दिवसांत तिचा भाऊ नेटवर्कसाठी टेकडीवर चढतो आणि ती रायपूरहून, दोन मीटिंगच्या मधे, त्याला काय बोलायचं ते सांगते. आवाज तुटत राहतो.

यंदा ती सुट्टी घेऊन गावी गेली तेव्हा मला सोबत घेऊन गेली. मोटरसायकल पंक्चर झाली म्हणून शेवटचा रस्ता आम्ही दोघी पायी निघालो. दोन्ही बाजूंना बांबू — इतका उंच की बोलणं आपोआप हळू होतं. मधेच एका बेटाला हात लावून ती म्हणाली, “मले तिथीच जायचं होतं, प्रज्ञा. त्या लहान्या कॉलेजात.”

मी वर शेंड्यांकडे बघितलं.

“पन तू नाई म्हटलं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, हिनं काही पाह्यलं असन. तू उगाच नाई बोलत कधी.” आणि पुढे चालायला लागली. तिच्या आवाजात कसलीच खोच नव्हती. मी ती शोधली. खरंच शोधली.

संध्याकाळी गोटुलात सभा होती, बांबूच्याच लिलावाची. कुमलीबाईने मला ओळखलं आणि सरकून जागा दिली. “नंबरवाली बाई आली,” ती म्हणाली, आणि लोक हसले. जैनीची आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हिच्यानंच माही पोरगी साहेब झाली.” गोल फिरला. माझ्यापर्यंत आला तेव्हा सगळे थांबले, तसेच, पूर्वीसारखे. मी इंगो म्हटलं. बांबूच्या निर्णयात माझ्या होकाराचं काय वजन? तरी त्यांनी तो ऐकून घेतला, आणि मगच गोल पुढे सरकला.

सभा संपवण्याआधी चैतूभाऊ नेहमी एक प्रश्न विचारतात. त्या उन्हाळ्यातही दोन्ही वेळा विचारला होता. विचारतात आणि उत्तराची वाट बघतात, अगदी मनापासून, गोलातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत.

“कोनाचं काही राह्यलं का?”

त्यांची नजर माझ्यावर आली, थांबली. जैनीचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता. मी काही बोलले तर गोंडीत तीच सांगणार होती. बाहेर बांबू वाऱ्याने करकरत होते, आणि आत एवढी शांतता होती की कुणी नुसता श्वास घेतला असता तरी गावाने तो ऐकून घेतला असता.

माझं राहिलं होतं.

मी मान हलवली. नाही. चैतूभाऊ पुढच्याकडे वळले.